नवीन जॉब फसला? मग प्रोबेशन संपायच्या आत हलायचं

कुपवाड एमआयडीसीतला सात वर्षांचा जॉब सोडून मी साताऱ्याला गेलो. इंटरव्ह्यूत ठरलेलं प्लॅनिंगचं काम आणि हातात आलं डिस्पॅच, म्हणजे दिवसभर टेम्पोच्या मागं उभं राहून खोकी मोजायची अन् गेटपासवर सही मारायची. कंपनीचं नाव घेत नाही. पोवई नाक्याजवळ रूम, शनिवारी एसटीनं सांगली, सोमवारी पहाटे परत, आणि घरी सगळ्यांना सांगायचं मस्त चाललंय.

असं झालं की आधी ऑफर लेटर काढून नोटीस पिरियडची ओळ वाचा, जी आपण जॉईन होताना वाचलेलीच नसते. माझ्यात प्रोबेशनला, म्हणजे कायम करायच्या आधीच्या काळात, 15 दिवस अन् कन्फर्म झाल्यावर 3 महिने होते. कन्फर्मेशनचं लेटर हातात पडलं की तुम्ही अडकला, कारण पुढची कंपनी 3 महिने थांबतेच असं नाही. जॉईनिंग बोनस किंवा सामान हलवायचा खर्च घेतला असेल तर वर्षाच्या आत सोडल्यावर तो परत द्यायची अट आहे का तेही तिथंच बघा.

मग साहेबांना एकदा विचारायचं, पण मेलवर. मी लिहिलं, ‘इंटरव्ह्यूत प्लॅनिंग ठरलं होतं, तीन महिने झाले डिस्पॅचला आहे, बदल कधी होईल ते कळवा.’ मेलला उत्तरच नाही, कँटीनमध्ये भेटले तेव्हा म्हणाले ‘बघू की, दिवाळी होऊ दे.’ हेच उत्तर समजायचं.

हप्ते चालू असतील तर दुसरी ऑफर आल्याशिवाय राजीनामा टाकू नका, रागाच्या भरात तर अजिबात नको. जुन्या साहेबांना फोन करायला लाज वाटते, मला पण वाटली, पण केला अन् पुढचा जॉब त्यांच्याच ओळखीनं लागला.

चार महिन्यांचा जॉब बायोडाटातून गाळायचा मोह होतो, गाळू नका. पीएफ कापला असेल तर यूएएनवर, म्हणजे जॉब बदलला तरी तोच राहणाऱ्या पीएफ नंबरवर, ती कंपनी दिसतेच अन् चौकशीत खोटं पकडलं की ऑफर जाते. पीएफ काढू पण नका, ट्रान्सफर करा, 5 वर्षं सलग सर्व्हिस व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागू शकतो. कंपनीनं तुम्ही जॉब सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर 2 महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते.

आधीच्या कंपनीतला पगार नवीन ठिकाणी सांगा, नाहीतर दोन्हीकडं टॅक्सची सूट धरली जाते अन् रिटर्न भरताना टॅक्स बसतो.

राजीनामा दोन ओळींचा, त्यात गाऱ्हाणी नकोत. तो मंजूर झाल्याचा मेल आणि सॅलरी स्लिपा लॅपटॉप जमा करायच्या आधी स्वतःच्या ईमेलवर घ्या, आणि आयकार्ड दिलं की नो ड्यूजवर (काही देणं बाकी नाही असा कागद) सही घेऊनच गेटबाहेर पडा. मी तसाच निघालो अन् रिलीव्हिंग लेटरसाठी पुन्हा दोनदा साताऱ्याला हेलपाटा पडला.