देवपुरात घर बघण्याआधी

धुळ्याला बदली होऊन आलेली आपल्या कोकणातली मंडळी देवपुरात घर शोधतात आणि पहिल्यांदा भाडं विचारतात. आधी पाण्याचं विचारा. नळ किती दिवसांआड येतो, जमिनीखाली टाकी आहे का, हे घरमालकाला नाही, शेजारच्या बाईला विचारा. मे महिन्यात पारा 44 अंशांपर्यंत जातो, कूलर रात्रभर पाणी पितो आणि नळाची पाळी नेमकी तेव्हाच लांबते.

शहराच्या मधून पांझरा नदी वाहते. तिच्या दक्षिणेला जुनं धुळे, उत्तरेला देवपूर. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, मग कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याला ठाणं केलं आणि सरळ रेषेत पेठ आखली. देवपूर असं कुणी आखलेलं नाही. नदीकाठी एकवीरादेवीचं देऊळ आणि जुनी वस्ती, मधून आग्रा रोड, आणि वाडीभोकर रोड, गोंदूर रोड धरून शेतांत शिरलेल्या कॉलन्या. पूल ओलांडायचा असला की लोक अजून 'गावात जाऊन येतो' म्हणतात. उन्हाळ्यात नदी कोरडी दिसते, म्हणून काठावरचं स्वस्त घर धरू नका. 2019 च्या ऑगस्टमधला पूर मी पाहिला आहे.

आता मातीचं सांगते, कारण यात आम्ही पोळलो आहोत. चिपळूणला जांभा खडक लागला की पाया झाला, हेच डोक्यात होतं. आठ वर्षं भाड्याने राहून आम्ही नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला. कालपर्यंत तिथे कापूस होता. ठेकेदार म्हणाला, चार फूट पुरे. आम्हीही मान डोलावली. पहिला पावसाळा नीट गेला. पुढच्या मेमध्ये खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघाली, बोट जाईल एवढी. मग जिन्याखाली दुसरी, मग न्हाणीघराची फरशी उचलली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. दोनदा भेगा बुजवल्या, दोन्ही वेळा त्याच जागी उघडल्या. शेवटी पाया बाजूने खणून मजबूत करावा लागला. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव त्यात गेली.

म्हणून प्लॉट मे महिन्यात बघा. जमिनीला हात जाईल अशा भेगा असतील तर खाली काळी माती आहे. सौदा करण्याआधी खड्डा खणून मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा घट्ट थर, किती फुटांवर लागतो ते बघा आणि तो खर्च किमतीत धरा. मुरूम लागेपर्यंत खाली जायचंच. पायावर प्लिंथ बीम, म्हणजे भिंतींखालून फिरणारी काँक्रीटची तुळई, घ्या. आतला भराव मुरुमाचा घाला, खणून काढलेली काळी माती परत आत टाकू देऊ नका. ती फुकट असते, म्हणून ठेकेदार तीच टाकतो. छपराचं आणि न्हाणीघराचं पाणी भिंतीशी मुरू देऊ नका. काँक्रीट ओतायच्या दिवशी रजा काढा आणि खड्ड्याच्या काठावर उभे राहा. हे मी प्रत्येकाला सांगते, आणि तरी दर दोन वर्षांनी कुणीतरी भेग दाखवायला मला बोलावतं.

प्लॉट बिनशेती आहे ना, लेआउट मंजूर आहे ना, हे वकिलाकडून बघून घ्या.

वस्तीत शिक्षक पुष्कळ, निवृत्त कर्मचारी, एसटीतले लोक आणि कॉलेजसाठी खोल्या घेऊन राहणारी मुलं. साक्री, शिंदखेडा, शिरपूरकडून आलेल्या कितीतरी घरांची शेती अजून गावी आहे. त्यामुळे पेरणीच्या दिवसांत शेजारी घरात सापडत नाहीत. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उलट होतं. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, एकेका घरात दहा-बारा माणसं होतात आणि टाकी दोन दिवसांत रिकामी. तेव्हा शेजारणीला दोन हंडे द्या, तिने विचारायच्या आधी.

आपल्यातले बरेच जण इथे दहा वर्षं राहूनही इथली बोली अहिराणी शिकत नाहीत, तिला गावंढळ समजतात. मला हे मनापासून लागतं. रस्त्यात बाई 'कथा चालनी?' म्हणाली तर ती चौकशा करत नाही, कुठे निघालीस एवढंच मायेने विचारते. थांबा आणि सांगा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसते. बोलावणं आलं तर त्या रविवारी दाराला कुलूप लावून नाशिकला जाऊ नका. रात्री जागरणाला जाऊन बसा.