ग्रुपची साइट नव्या सर्व्हरवर हलवायचीय? आधी कॅलेंडर काढा

सर्व्हर बदलायचा म्हटलं की सगळे पहिलं विचारतात कुठला घेऊ, किती रॅम, महिन्याला किती. ते बघालच तुम्ही. पण हौशी ग्रुपच्या साइटचं खरं काम कॉपी करण्यात नाहीये, शटर कधी ओढायचं आणि कधी उघडायचं यात आहे. कॉपी चालू असताना कोणीतरी जुन्या सर्व्हरवर फोटो टाकतो, तो नव्यावर येत नाही, आणि मग तो माणूस वर्षभर ऐकवतो.

म्हणून आधी तारीख. आमचा ग्रुप पक्षीवाल्यांचा, म्हणजे थंडीत रविवारी पहाटे नांदूरमध्यमेश्वर (२०२० ला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर ठिकाण, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं तेच), येताना मिसळ, आणि संध्याकाळपासून चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असल्या बदकांचे फोटो धबाधब अपलोड. अशा सीझनमध्ये साइटला हातच लावू नका. पाहुणे पक्षी गेले की जून-जुलैत एखादा मंगळवार किंवा बुधवार धरा, रात्री अकरानंतर. सायकलवाले, ट्रेकवाले असाल तर तुमचा मंदीचा महिना तुम्हालाच माहीत.

तारीख ठरली की दोन दिवस आधी डीएनएसमध्ये (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्या नोंदी) जाऊन टीटीएल (ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा) कमी करा. बऱ्याच ठिकाणी तो ८६४०० सेकंद असतो, म्हणजे पूर्ण २४ तास लोकांचं इंटरनेट जुनाच पत्ता धरून बसू शकतं. तो ३०० करा, म्हणजे पाच मिनिटं. हे आयत्या वेळी करून उपयोग नाही, आधीचे २४ तास संपायला लागतातच. आणि हो, त्याच आठवड्यात डोमेन दुसऱ्या कंपनीकडे ट्रान्सफर करायचा उत्साह नको, एका वेळी एकच भानगड.

फोटो घरी डाउनलोड करून परत अपलोड करत बसू नका, घरच्या लाइनवर आठवडा जाईल आणि मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. जुन्या सर्व्हरवरून थेट नव्यावर आरसिंक (दोन सर्व्हरमधल्या फाइली जुळवणारं टूल) लावा. पहिला मोठा आरसिंक साइट चालू असतानाच चार दिवस आधी मारा, शटर ओढल्यावर दुसरा मारा, तो फक्त बदललेल्या फाइली नेतो म्हणून लवकर आटपतो. फाइलींची नावं मराठीत असतील तर झिपच्या वाटेला जाऊ नका, काही टूल्समध्ये उघडताना नावांची वाट लागते. टार (फाइली एकत्र बांधणारं दुसरं टूल) वापरा, नाहीतर सरळ आरसिंक.

आता डेटाबेस, इथे जरा थांबा. जुन्या साइटवर टेबलं लॅटिन१ मध्ये (रोमन अक्षरांपुरतं जुनं एन्कोडिंग) आणि आत मजकूर युटीएफ-८ चा (सगळ्या लिप्या बसतात ते), असा प्रकार बऱ्याचदा सापडतो. ओळखायचं कसं? साइटवर मराठी छान दिसतं पण पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस ब्राउझरमध्ये उघडून बघायचं टूल) तेच वाक्य उघडलं की टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. अशा वेळी नेहमीसारखा डंप (डेटाबेसची एका फाइलमधली प्रत) घेतला की कन्व्हर्जन दोनदा होतं आणि नव्या साइटवर सगळीकडे तीच रांग. डंप घेताना कॅरेक्टर सेट लॅटिन१ सांगा, सेट-नेम्सची (कॅरेक्टर सेट ठरवणारी) ओळ येऊ देऊ नका, मग डंपच्या फाइलमध्ये टेबलांसमोरचं लॅटिन१ बदलून युटीएफ८एमबी४ करा आणि इम्पोर्ट करतानाही युटीएफ८एमबी४ च सांगा. साधं युटीएफ८ का नाही, तर मायएसक्यूएलचं जुनं युटीएफ८ एका अक्षराला तीनच बाइट देतं, देवनागरी त्यात बसते पण इमोजीला चार लागतात, आणि आपल्या लोकांचं इमोजीशिवाय पान हलत नाही. हे सगळं आधी रिकाम्या डेटाबेसवर करून बघा, जोडाक्षरं असलेल्या दहा-बारा जुन्या नोंदी उघडून वाचा, मगच पुढे.

पीएचपीचं (साइट ज्या भाषेत लिहिलेली असते ती) व्हर्जनपण बघून घ्या. ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ लाच संपलाय, नव्या सर्व्हरवर ८ च्या पुढचं असणार आणि जुने प्लगइन तिथे कोसळतात. डीएनएसला हात न लावता टेस्ट करायची तर आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये साइटच्या नावासमोर नवा आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) लिहा, फक्त तुम्हालाच नवी साइट दिसेल. लॉगिन करा, मोठा फोटो टाका, सर्च करा. नंतर ती ओळ काढायची आठवण ठेवा.

प्रत्यक्ष रात्री क्रम असा: जुनी साइट मेंटेनन्सवर टाका, शेवटचा डंप, शेवटचा आरसिंक, इम्पोर्ट, तपासणी, मग डीएनएस बदला. जुनी परत उघडू नका, काही लोक अजून तिथेच पोचत असतात, त्यांना मेंटेनन्सची पाटीच दिसू दे. लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट मिळणारं, https साठीचं) सर्टिफिकेट नेहमीच्या पद्धतीने डोमेन नव्या सर्व्हरकडे वळल्यावरच मिळतं, म्हणून तोवर जुनंच सर्टिफिकेट कॉपी करून चालवा. त्याची मुदत जास्तीत जास्त ९० दिवसांची, आधी तारीख बघा.

सकाळी मेल तपासा. पासवर्ड रिसेटची मेल स्वतःला पाठवा, स्पॅममध्ये गेली तर बहुतेक एसपीएफ रेकॉर्डमध्ये (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) अजून जुनाच आयपी असतो. क्रॉन जॉब (ठरल्या वेळी सर्व्हरवर आपोआप चालणारी कामं) नव्या सर्व्हरवर आपोआप येत नाहीत, आणि सर्व्हर यूटीसीवर (आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे) असेल तर सकाळी सहाचं काम साडेअकराला होईल.

जुना सर्व्हर महिनाभर तसाच राहू द्या, पैसे गेले तरी चालतील. शेवटचा डंप ग्रुपमधल्या दोघांच्या हार्डडिस्कवर ठेवा, टीटीएल परत वाढवा, आणि महिना झाला की जुन्याचं ऑटो-रिन्यू बंद करा.