कोळ्याचे डोळे आणि पूर्णांकाचा पाढा

मी बनवत असलेल्या गेममधल्या कोळ्याचे (मासेमाराचे) डोळे एकेका पिक्सेलचे. भावाच्या जुन्या १३६६×७६८ लॅपटॉपवर गेम लावला, तर एक डोळा चार ठिपके रुंद, दुसरा पाच. कोळी होडीकडे चालायला लागला की डोळे आलटून-पालटून लहानमोठे! भाऊ म्हणाला, “याला जरा जास्तच झालीय.”

दोष भागाकाराचा होता. मूळ चित्र ३२०×१८०, आणि ७६८ भागिले १८० म्हणजे ४.२७. पाव ठिपका काही पडद्यावर रंगवता येत नाही, म्हणून काही पिक्सेलांना चार ठिपके मिळतात, काहींना पाच.

म्हणून चित्र मोठं करताना पट नेहमी पूर्णांकात घ्या. आता मी ६४०×३६० वर काम करतो: तिप्पट केलं की १०८० उंचीचा पडदा भरतो, चौपट केलं की १४४०, सहापट केलं की फोरके. भावाच्या लॅपटॉपवर दुप्पट, म्हणजे १२८०×७२०. डावी-उजवीकडे ४३ आणि वर-खाली २४ ठिपक्यांची काळी पट्टी उरते. उरू द्या. खेळताना दोन मिनिटांत ती दिसेनाशी होते, वाकडे डोळे होत नाहीत.

गेम बनवायला गोडो हे सॉफ्टवेअर वापरत असाल आणि ४.२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, विंडो, स्ट्रेच इथे जा. मोड ‘व्ह्यूपोर्ट’, ॲस्पेक्ट ‘कीप’, स्केल मोड ‘इंटीजर’. टेक्श्चर फिल्टर ‘निअरेस्ट’ करायला विसरू नका, नाहीतर सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. ‘कॅनव्हास आयटम्स’ मोडही चालतो, पण त्यात फिरवलेलं वल्हं बारीक ठिपक्यांत आणि बाकी होडी जाड ठिपक्यांत दिसते. मला ते खटकतं.

२५६०×१०८० सारख्या लांबोड्या मॉनिटरवर तिप्पट केल्यावर दोन्ही बाजूंना ३२०-३२० ठिपके मोकळे राहतात. ॲस्पेक्टमध्ये ‘कीप’ऐवजी ‘एक्स्पांड’ निवडलं तर तिथे आणखी समुद्र दिसतो. पण आधी तुमच्या गेमची लेव्हल कुठे संपते ते बघा. माझ्याकडे बंदराच्या पलीकडे न रंगवलेला करडा भाग उघडा पडला होता.

जुन्या गेमांनाही हाच हिशेब. गेमबॉयचा पडदा १६०×१४४: १४४० वर बरोब्बर दहापट, १०८० वर मात्र साडेसात. तिथे रेट्रोआर्चमध्ये (जुने गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) ‘इंटीजर स्केल’ चालू करून सातपटीवर समाधान माना.

एवढं करूनही टीव्हीवर कडा धूसर दिसल्या तर गेमला हात लावू नका. टीव्हीच्या चित्राच्या मेनूत ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र थोडं मोठं करून कडा कापणं, बंद करा. काही टीव्हींवर त्यासाठी ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडावं लागतं.