अपडेटनंतर फोन जोडताच निळी स्क्रीन: जुना ड्रायव्हर असा काढला

विंडोज 11 अपडेट झाल्यापासून फोन यूएसबीला जोडला की दोन-तीन सेकंदांत निळी स्क्रीन, म्हणजे विंडोज कोसळायचं. पेनड्राइव्ह मात्र बिनतक्रार चालायचा.

केबल बदलली, पोर्ट बदललं, अपडेट काढून पुन्हा टाकलं. चार दिवस नुसता वैताग.

निळ्या स्क्रीनवर ‘व्हॉट फेल्ड’पुढे डॉट सिसने (.sys, ड्रायव्हरच्या फाइलची खूण) संपणारं फाइलचं नाव दिसलं आणि उलगडा झाला: फोनचा जुना यूएसबी ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला फोनशी बोलू देणारा छोटा प्रोग्राम. पेनड्राइव्हचा ड्रायव्हर वेगळा असतो.

आता याच क्रमाने करा. फोन काढून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरच्या (विंडोजमधली उपकरणांची यादी) ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडा. न जोडलेल्या फोनच्या फिकट नोंदी त्याशिवाय दिसतच नाहीत. ‘पोर्टेबल डिव्हायसेस’ आणि यूएसबी कंट्रोलर्सखालच्या फोनच्या प्रत्येक नोंदीवर राइट क्लिक, ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’, आणि ड्रायव्हरही काढण्याच्या चौकोनात टिक. ही टिक राहून गेली तर जुनाच ड्रायव्हर परत बसतो. मग ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नको, कारण फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू करण्याची सोय) चालू असेल तर कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि ड्रायव्हर डिस्कवर साठवलेले तसेच परत येतात. शेवटी फोन यूएसबी हबशिवाय थेट संगणकाला जोडा, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा आणि नवा ड्रायव्हर बसेपर्यंत केबलला हात लावू नका.