नेट बंद झाल्यावर पैसे आणि निरोप कसे पोहोचवायचे

'व्हीपीएन टाक, सगळं चालतं' असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. एखादी वेबसाइट अडवली असेल तर व्हीपीएन (आडवाटेने तिथे नेणारं ॲप) कामाचं. पण टॉवरवरून डेटाच सोडत नसतील, तर ते चालणार कशावर? नळाला पाणी नाही आणि हा तोटी बदलायला सांगतोय.

मी जालना जिल्ह्यातला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आरक्षण आंदोलनात आमच्याकडे नेट गेलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा गेलं. पहिल्या वेळी भरपूर चुका केल्या.

आदेश वाचा. बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या प्रकरणात सांगितलंय. त्यात दोनच गोष्टी बघा: कोणते तालुके, आणि फक्त मोबाइल डेटा बंद आहे की ब्रॉडबँडही. ब्रॉडबँड चालू असेल तर फायबरवाल्या शेजाऱ्याकडे चहाला जा.

साधा फोन, साधा एसएमएस. नेट बंद म्हणजे नेटवर्क बंद नव्हे. हे दोन्ही बहुधा चालू असतात. (ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरात फोनही बंद होते, तशा वेळी यातलं फारसं काही चालणार नाही.) मेसेज ॲपमधलं आरसीएस (एसएमएसऐवजी डेटावरून मेसेज पाठवायची सोय) बंद करा, नाहीतर मेसेज डेटाची वाट बघत अडकतो.

पैसे: \*९९#, म्हणजे फोनवर डायल करून यूपीआयने पैसे पाठवायचा कोड. इथेच सगळे अडकतात, मीही अडकलो. ही सेवा इंटरनेटवर चालत नाही, म्हणून डेटा गेला तरी जिवंत राहते. बँकेला जोडलेल्या सिमवरूनच लावायचा. दोन सिम असतील तर योग्य सिम निवडा. काही सिमवर हा कोड लागतच नाही, तेव्हा आजच लावून बघा. पहिल्यांदा बँकेचं नाव किंवा आयएफएससीची पहिली चार अक्षरं विचारतात. फोनपे, गुगल पेवर त्या खात्याचा जो यूपीआय पिन, तोच इथे. पिन कधी केलाच नसेल तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. नेट गेल्यावर घरभर कार्ड शोधत बसण्यात अर्थ नाही. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच जातात.

आता खरी अडचण. हे फोनवरच्या बोलण्यासारखं आहे: तुम्ही विचारात पडलात की समोरचा ठेवून देतो. आकडा शोधायला दहावीस सेकंद गेले की मेनू गायब, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नंबर, रक्कम, सगळं कागदावर लिहून समोर ठेवा आणि मगच लावा. क्यूआर इथे स्कॅन होत नाही; दुकानदाराचा यूपीआयला जोडलेला मोबाइल नंबर किंवा क्यूआरखाली छापलेला यूपीआय आयडी लागतो. तो लांबलचक आयडी टाइप करताना हमखास वेळ संपते, म्हणून नंबरच घ्या.

आणि पिन टाकल्यावर मेनू तुटला तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका! औषधाच्या दुकानात माझे १,८४० रुपये असेच दोनदा गेले. दुकानातला पैसे आल्याचं बोलणारा डबा गप्प होता, कारण तोही डेटावरच चालतो. दुकानदार म्हणे आलेच नाहीत, मीही घाईत पुन्हा पाठवले. अर्ध्या तासाने बँकेचे दोन एसएमएस एकदम आले. माणूस ओळखीचा, म्हणून परत मिळाले. तेव्हापासून माझा नियम: मेनू तुटला की आधी त्याच \*९९# वर शिल्लक बघायची, मग बोलायचं. शिवाय घरात दोनतीन हजार रोख ठेवतोच. खिशातली नोट अडकत नाही.

नकाशे. तालुक्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

ब्रायर. ब्लूटूथ आणि वाय-फायवरून थेट फोन ते फोन निरोप देणारं ॲप. फोनमध्ये फक्त अँड्रॉइडवर. आत्ताच टाका आणि घरच्यांना समोरासमोर बसून क्यूआरने जोडून घ्या. याने गावभर निरोप जातो ही थाप आहे: ब्लूटूथ साधारण दहा मीटर, भिंत आली की त्याहून कमी. आमच्याकडे माडीवरून खालच्या दुकानापर्यंत पोहोचतं, गल्लीच्या पलीकडे नाही.

कुणी सॅटेलाइट फोन आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. परवान्याशिवाय तो बाळगला तर पोलिसांची केस होते.