निर्वासित कोण? व्याख्या लावताना होणाऱ्या या चुका टाळा

आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला की बहुतेकांना वाटतं, आपल्यावर काय बेतलं ते अधिकाऱ्याला पटलंच नाही. पुष्कळदा ते पटलेलं असतं. घर जाळलं गेलं, भाऊ मारला गेला, गाव सोडावं लागलं, हे सगळं निकालपत्रात मान्य केलेलं असतं आणि तरीही शेवटी नकार येतो. कारण हाल किती झाले, हे कायदा मोजत नाही. तो विचारतो: हे तुमच्याच वाट्याला का आलं, आणि परत गेलात तर पुढे काय होईल? अर्ज लिहिणारे, त्यांना मदत करणारे आणि या विषयावर बातम्या देणारे, सगळ्यांच्या चुका घुटमळतात त्या या दोन प्रश्नांभोवतीच.

मूळ व्याख्या निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनिव्हा कराराच्या कलम १अ(२) मध्ये आहे. माणूस आपल्या देशाबाहेर असावा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती त्याला असावी. आणि त्यामुळे आपल्या देशाचं संरक्षण घेणं त्याला शक्य नसावं किंवा नकोसं असावं. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता. ती अट १९६७ च्या प्रोटोकॉलने, म्हणजे पूरक कराराने, काढली.

कागद मिळाला की माणूस निर्वासित होतो, असं समजणं

उलट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाची १९७९ ची मार्गदर्शक पुस्तिका स्पष्ट सांगते की व्याख्येतल्या अटी पूर्ण झाल्या त्या क्षणापासून माणूस निर्वासित असतो. मान्यता फक्त ते जाहीर करते. ‘अजून मान्यता नाही, म्हणजे परत पाठवायला हरकत नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. कलम ३३ नुसार, जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे परत ढकलायला मनाई आहे आणि निर्णय व्हायच्या आधीही ती लागू असते.

सीमा न ओलांडलेल्यांना मात्र ही व्याख्या लागू होत नाही. देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांची अवस्था कित्येकदा जास्त वाईट असते, पण त्यांच्यासाठीची कायदेशीर चौकट वेगळी आहे.

‘युद्ध चालू आहे’ एवढ्यावरच थांबणं

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी. १९५१ च्या व्याख्येत युद्ध हा शब्दच नाही. बॉम्ब सगळ्यांवर सारखेच पडत असतील, तर तेवढ्याने पाचांपैकी एकही कारण सिद्ध होत नाही. पण याचा अर्थ युद्धातून आलेला माणूस निर्वासित नसतो असाही नाही. पुष्कळ युद्धं वंशाच्या किंवा धर्माच्या रेषेवरच लढली जातात. एखाद्या वस्तीला वेढा पडतो तो तिथे अमुक जमातीचे लोक राहतात म्हणून. मग छळ हजारोंचा होतो म्हणून एकाचा दावा पातळ होत नाही. ‘तुम्हाला वेगळं काढून लक्ष्य केलं होतं का?’ असा प्रश्न विचारून नकार देणारे अधिकारी हीच गल्लत करतात.

शिवाय आधी बघावं, अर्ज कुठे होतोय. आफ्रिकी एकता संघटनेच्या १९६९ च्या करारात बाह्य आक्रमण, परकी ताबा आणि सार्वजनिक व्यवस्थेला गंभीर बाधा आणणाऱ्या घटना ही कारणंही आहेत. लॅटिन अमेरिकेतला १९८४ चा कार्ताहेना जाहीरनामा सार्वत्रिक हिंसाचार आणि अंतर्गत संघर्षही धरतो. युरोपीय संघात निर्वासित दर्जा नाकारला तरी अंदाधुंद हिंसाचाराचा गंभीर धोका असणाऱ्यांना पूरक संरक्षण मिळू शकतं. एका व्याख्येत बसला नाही म्हणून माणसाला वाऱ्यावर सोडायचं नसतं. पुढचं दार वाजवून बघायचं असतं.

हवामानबदलाचंही तसंच. ‘हवामान निर्वासित’ हा बातम्यांमधला शब्द आहे, करारातला नाही. किरिबाटीतून न्यूझीलंडला गेलेल्या एका माणसाचा निर्वासित म्हणून दावा तिथल्या न्यायालयांनी फेटाळला. त्याची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही मान्य केली नाही. मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निर्णयात समितीने म्हटलं की हवामानामुळे जगण्याच्या हक्कालाच धोका होईल अशा ठिकाणी परत पाठवायला मनाई होऊ शकते. ती मनाई नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातून येते, निर्वासित करारातून नाही.

छळ सांगायचा आणि कारण गाळायचं

माझ्या मते अर्ज सर्वाधिक गळतात ते इथे. छळ झाला हे पुरेसं नसतं. तो पाच कारणांपैकी एकामुळे झाला हे जोडून दाखवावं लागतं. टोळीने दुकानदाराकडे खंडणी मागितली, तर वरवर कारण पैसा. पण तोच दुकानदार टोळीविरुद्ध जाहीर बोलला, साक्ष द्यायला उभा राहिला आणि त्यानंतर धमक्यांचा सूर बदलला, तर टोळीच्या नजरेत तो विरोधक झालेला असतो. अर्जात ‘धमक्या आल्या’ एवढंच लिहिलं तर हा सगळा भाग हातचा जातो. धमकीचे शब्द काय होते, आधी काय घडलं होतं, शेजारच्या दुकानदाराला का सोडलं, हे लिहायला हवं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ग्वाटेमालातल्या एका तरुणाच्या प्रकरणात हाच दुवा ताणून धरला. बंडखोरांनी त्याला आपल्यात ओढायचा प्रयत्न केला होता. न्यायालय म्हणालं, बंडखोरांना राजकीय मत आहे याने भागत नाही. छळ पीडिताच्या राजकीय मतामुळे व्हायला हवा. निकाल कठोर आहे, पण अर्ज लिहिणाऱ्याने तो डोक्यात ठेवावाच.

मात्र ते मत त्या माणसाचं खरोखर असलंच पाहिजे असं नाही. छळणाऱ्याने ते त्याचं आहे असं धरलं तरी चालतं. राजकारणात काडीचा रस नसलेल्या बहिणीला, भाऊ पक्षात आहे म्हणून उचललं, तर हेच कारण लागू होतं.

सामाजिक गटाबाबत एक ठरलेली चूक आहे: ‘छळ होणाऱ्या लोकांचा गट’ असं लिहिणं. गट छळाआधी, छळाशिवायही ओळखता आला पाहिजे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तीन प्रकार मांडले: जन्मजात किंवा बदलता न येणारं वैशिष्ट्य, माणसाच्या प्रतिष्ठेशी इतकं निगडित काही की ते सोड म्हणणं गैर ठरेल, आणि पूर्वीचं स्थान, जे आता पुसता येत नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) १९९९ मध्ये पाकिस्तानातल्या स्त्रिया हा असा गट ठरू शकतो असं मान्य केलं. घरात मारहाण करणारा नवरा होता, पण राज्ययंत्रणा त्यांना वाचवत नव्हती ती त्या स्त्रिया होत्या म्हणून.

म्हणजे छळणारं सरकारच असलं पाहिजे, ही समजूतही सोडून द्यावी. सरकार वाचवू शकत नसेल किंवा वाचवायची इच्छा नसेल, तरी दावा उभा राहतो. पोलिसांकडे गेलो नाही, तर का गेलो नाही ते सांगावं. संरक्षण मिळत नाही हे सिद्ध करण्यासाठी जीव धोक्यात घालायची गरज नाही, असं कॅनडाच्या त्याच निकालात आहे.

भीतीचं गणित चुकीचं मांडणं

‘साधार’ म्हणजे ‘खात्रीची’ नव्हे. छळाची शक्यता निम्म्याहून कमी असली तरी भीती साधार असू शकते, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितलं. दहा टक्के शक्यतेचं उदाहरणही तिथे चर्चेत आलं होतं. पूर्वी छळ झालाच पाहिजे अशीही अट नाही. शिक्षणासाठी बाहेर आलेला विद्यार्थी मागे देशात सत्तापालट झाल्यामुळे निर्वासित ठरू शकतो. उलट, वीस वर्षांपूर्वीचा छळ कितीही भीषण असला तरी आज परिस्थिती पालटली असेल, तर भीती अजून का आहे हे सांगावं लागतं.

‘परत जा आणि गप्प राहा’ हा सल्ला मात्र कायद्यात बसत नाही. समलैंगिक अर्जदारांच्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो नाकारला: छळाच्या भीतीने लपून जगावं लागत असेल, तर लपता येतं म्हणून संरक्षण नाकारता येत नाही. देशातल्या दुसऱ्या शहरात राहता येईल का, हा प्रश्न अधिकारी विचारतात आणि तो रास्त आहे. फक्त ते शहर खरोखर सुरक्षित असावं आणि तिथे जाऊन राहण्याची अपेक्षा त्या माणसाकडून वाजवी असावी.

तारखा आणि खोटी कागदपत्रं

खोट्या पासपोर्टवर आलो म्हणून अर्ज बाद होतो या भीतीने काहीजण प्रवासाची गोष्टच बनवून सांगतात, आणि विश्वास गमावतात तो तिथे. कलम ३१ नुसार, धोक्यातून थेट आलेल्या, विनाविलंब स्वतःहून हजर झालेल्या आणि सबळ कारण देणाऱ्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करता येत नाही. खरं सांगणंच फायद्याचं.

तारखांचंही तसंच. इथिओपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं आणि ते ग्रेगोरियन वर्षापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. अफगाण अर्जदार सौर हिजरी तारखा सांगतो. दुभाष्याने तोंडी रूपांतर केलं की विसंगती तयार झालीच म्हणून समजा. तारीख मूळ पंचांगात लिहावी, रूपांतर शेजारी द्यावं. आठवत नसेल तर ‘पेरणीनंतर’, ‘निवडणुकीच्या आधी’ असं सांगावं. उगाच नेमका दिवस ठोकून देऊ नये.

अपवाद आणि शेवट विसरणं

युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे, आश्रय मिळण्यापूर्वी त्या देशाबाहेर केलेला गंभीर बिगरराजकीय गुन्हा, संयुक्त राष्ट्रांच्या उद्दिष्टांविरुद्धची कृत्यं: कलम १फ हे करणाऱ्यांना वगळतं. नुसती सैन्यातली नोकरी त्यात येत नाही. ती लपवली तर मात्र संशय वाढतो. कोणत्या तुकडीत, काय काम, केव्हा सोडलं, हे आधीच सांगितलेलं बरं.

आणि दर्जा मिळाल्यावरची चूक: स्वतःच्या देशाच्या वकिलातीतून पासपोर्ट नूतनीकरण करून घेणं. उच्चायुक्त कार्यालयाच्या पुस्तिकेनुसार, उलट पुरावा नसेल तर माणूस पुन्हा त्या देशाचं संरक्षण घेऊ इच्छितो असं यातून गृहीत धरलं जातं, आणि त्यामुळे कलम १क खाली दर्जा संपू शकतो. जन्मदाखला किंवा तत्सम कागदासाठी वकिलातीत जावंच लागलं तर कारणाची नोंद आणि पावती जपून ठेवावी. आजारी आईवडिलांना भेटायला एकदा जाणं आणि दर सुट्टीत किंवा धंद्यासाठी जाणं यात तीच पुस्तिका फरक करते, पण तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारावं, परतल्यावर नव्हे.