कलदार घ्यावेत की सराफाची नवी नाणी? चांदी साठवताना या चुका टाळा

ओळखीच्या एका काकांनी चांदी साठवायची म्हणून चोवीस कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातले यंत्रावर पाडलेले चांदीचे जुने रुपये, घेतले होते. टेबलावर ओतून म्हणाले, "बघ, सगळे कलदार. एकाच भावात मिळाले." रुपये खरेच होते. राजाचं डोकं ठसठशीत, वजन प्रत्येकी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. मी फक्त मागची बाजू वर करून सालं वाचली आणि दोन ढीग केले. एकात पंधरा, दुसऱ्यात नऊ. त्या नऊंवर 1940 ते 1945 मधली सालं होती. काकांनी त्या नऊंत जवळजवळ 44 ग्रॅम चांदीचे पैसे नुसते वाटून टाकले होते.

चूक पहिली आणि सगळ्यात महाग: साल न वाचणं

1835 साली कंपनी सरकारने रुपया एकसारखा केला. वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. सराफाच्या भाषेत टंच (शंभर भागांत चोख चांदी किती) पावणेब्याण्णवच्या जवळ. हिशेब केला तर एका रुपयात 10.69 ग्रॅम चोख चांदी येते. राणी छाप (व्हिक्टोरिया), सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जचे 1938-39 चे रुपये, सगळे याच मापाचे.

मग महायुद्ध आलं. 1940 च्या उन्हाळ्यात लोकांनी चांदीचे रुपये दाबून ठेवायला सुरुवात केली, बाजारात सुटे मिळेनात आणि सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. (कलदार गाडग्यात घालून ठेवायची आपली खोड जुनी आहे, ती सरकारलाही भारी पडली होती.) त्याच वर्षापासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली: 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल, 5 टक्के जस्त. वजन तेच, आकार तोच, राजा तोच. चोख चांदी मात्र 5.83 ग्रॅम. जुने भारी रुपये 1941 ते 1943 मध्ये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले गेले.

झिजून साल दिसत नसेल तर नाण्याची कड बघा. युद्धकाळातल्या बहुतेक रुपयांच्या दातेरी कडेला मधोमध एक बारीक खाच फिरवलेली असते, आधीच्या रुपयांना नुसते दाते. अधेली (अर्धा रुपया) आणि पावली (पाव रुपया) यांनाही सालाचा हाच नियम, फक्त वजन 5.83 आणि 2.92 ग्रॅम. 1947 चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो, आणि तरीही "चांदीचा रुपया" म्हणून विकणारे भेटतात.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांतही हेच करा. 1969 चं गांधींचं दहा रुपयांचं नाणं 15 ग्रॅमचं, 80 टक्के चांदीचं. 1972 चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं दहा रुपयांचं नाणं 22.5 ग्रॅमचं, हातात चांगलं जड लागतं, पण चांदी 50 टक्केच. चोख चांदी मोजली तर मोठ्या नाण्यात 11.25 ग्रॅम आणि छोट्यात 12.

संस्थानी रुपया इंग्रजी भावात घेणं

मराठवाड्यात घरोघरी चारमिनारचे हाली रुपये, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे रुपये, सापडतात. महायुद्धाआधीचा हाली रुपया 11.18 ग्रॅमचा, चांदी 81.8 टक्के. म्हणजे 9.14 ग्रॅम चोख. कलदारापेक्षा दीड ग्रॅमने कमी. गोव्यात 1881 चा पोर्तुगीज रुपिया इंग्रजी रुपयाच्याच मापाचा, पण 1952 चा तांबं-निकेलचा, त्यात चांदी नाहीच. प्रत्येक टाकसाळीचं गणित वेगळं, त्यामुळे "जुना आहे म्हणजे चांदीचा आहे" एवढ्यावर पाकीट उघडू नका.

सराफाच्या नव्या नाण्याला "नाणं" समजणं

धनत्रयोदशीला आपण लक्ष्मी-गणपतीचं जे गोल घेतो ते नाणं नव्हेच. त्यावर सरकारची छाप नसते, दर्शनी किंमत नसते. ती चांदीची गोल चकती. ती वाईट वस्तू आहे असं मी म्हणत नाही. 999 ची (99.9 टक्के चोख) चकती चोखपणात कलदाराच्या पुढेच आहे. पण ती साठवण म्हणून घेताना घडणावळ विसरली जाते.

हिशेब सोपा जावा म्हणून चांदी ग्रॅमला 100 रुपये धरू आणि घडणावळ 8 टक्के. दहा ग्रॅमची चकती: चांदीचे 1000, घडणावळीचे 80, त्यावर 3 टक्के जीएसटी, एकूण 1112. परत द्यायला गेलात आणि दुकानदाराने भावातून 3 टक्के कापले, तर हातात 970. नुसते मुद्दल निघायला चांदी पंधरा टक्के चढायला हवी. चकती जितकी छोटी, तितकी घडणावळ टक्क्यांत जास्त. पाच ग्रॅमच्या वीस चकत्या घेण्यापेक्षा शंभर ग्रॅमचा एक बार घेतलेला बरा, आणि रंगीत छपाईच्या, सुगंधी डबीतल्या चकत्या भाच्याच्या बारशाला द्या. साठवणीत त्यांना जागा नाही.

आणखी एक. काही दुकानं फक्त स्वतःची चकती पूर्ण भावात परत घेतात, तीही पाकीट फोडलेलं नसेल आणि पावती असेल तर. दुसऱ्या दुकानात तीच चकती आटवून टंच काढायची भाषा सुरू होते. इथे कलदार बाजी मारतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावातला सराफही राणी छाप रुपया नुसता वाजवून ओळखतो.

घेताना पूर्ण वजन, देताना टंच

ही चूक आपण करत नाही, आपल्याकडून करवून घेतली जाते. कलदार विकताना सराफ म्हणतो, "11.66 ग्रॅम गुणिले आजचा भाव." म्हणजे वरच्याच शंभराच्या भावाने 1166. तो भाव चोख चांदीचा असतो, आणि रुपयात चोख चांदी 1069 ची. तिथेच नऊ टक्के गेले. वर्षाने तुम्ही तोच रुपया परत न्या, तेव्हा त्याला टंच आठवतो, घट आठवते, झीज आठवते. घेताना आणि देताना एकच सूत्र लावायला सांगा: वजन, गुणिले टंच, गुणिले भाव. माझी स्वतःची मर्यादा ठरलेली आहे. चोख चांदीच्या किमतीवर चार-पाच टक्क्यांपर्यंत मागितले तर कलदार घेतो, त्यापुढे गेला तर बार.

तोळ्याचा घोळही इथलाच. जुना तोळा म्हणजे एक रुपयाचं वजन, 11.66 ग्रॅम. आजीच्या औषधात "रुपयाभार सुंठ" असायची ती हीच. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याला दहा ग्रॅम म्हणायचं असतं. बोलणी ग्रॅममध्येच करा.

घासून लख्ख करणं

हे पाप मी केलंय. वडिलांच्या पेटीत 1911 चा पाचव्या जॉर्जचा रुपया होता. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा उमटला की लोकांना तो डुक्कर वाटला. लोक भडकले आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारावा लागला. म्हणून त्या सालाला संग्राहक थोडे जास्त देतात. मी दिवाळीच्या साफसफाईत तो चिंच आणि रांगोळीने घासला. आरशासारखा चमकला. नाण्यांच्या प्रदर्शनात एका विक्रेत्याने भिंगाखाली धरला आणि परत देत म्हणाला, "आता ही फक्त चांदी आहे, भाऊ." काळेपणा ही घाण नसते, चांदीवर बसलेला सल्फाइडचा थर असतो. तो राहू द्या.

साठवण आणि संग्रह एकाच डब्यात ठेवले की असं होतं. दुर्मीळ सालासाठी जास्तीचे पैसे मोजले असतील तर ती चांदीची गुंतवणूक राहत नाही, तो छंद होतो. छंद करा, पण त्याचा हिशेब वेगळा ठेवा. 1939 चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकला भरपूर. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

नुसत्या चुंबकावर विसंबणं

चांदी चुंबकाला चिकटत नाही. पितळ आणि तांबंही चिकटत नाही. त्यामुळे चुंबक फक्त लोखंड आणि निकेल पकडतो. घरच्या घरी खरी परीक्षा पाण्याची. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. 11.66 ग्रॅमचा, 1939 पर्यंतचा खरा कलदार असेल तर काटा 1.13 च्या आसपास दाखवेल. युद्धकाळातला असेल तर 1.22. पितळेवर मुलामा असेल तर 1.37 कडे जाईल. नाणं झिजलेलं असेल तर कोरडं वजन भागिले हा आकडा करा. 10.3 च्या जवळ उत्तर आलं पाहिजे. हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नका, नाहीतर खरा रुपयाही खोटा ठरेल.

कायद्याकडे कानाडोळा

शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं 1972 च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात येतं. ते देशाबाहेर नेता येत नाही. मुलगा न्यू जर्सीला आहे म्हणून राणी छाप रुपये बॅगेत टाकू नका. (त्याला तिथेच साठवायचं असेल तर 1964 पर्यंतचे डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर 90 टक्के चांदीचे आहेत. 1965 ते 1970 चा हाफ डॉलर 40 टक्क्यांचा. खेळ तिथेही सालाचाच.) घराचा पाया खणताना नाण्यांचं गाडगं लागलं तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये, आधी नोंदणी शुल्क भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच सांगितलंय की आपल्या नावाने असे पैसे मागायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही.

विक्रीवर करही लागतो. चांदी 24 महिन्यांहून जास्त ठेवली असेल तर नफ्यावर 12.5 टक्के, म्हणून पावती जपा.

घेऊन बसलात, आता काय?

ढीग मिसळला असेल तर सालाने वेगळा करा: 1939 पर्यंतचे एका पिशवीत, 1940 ते 45 दुसरीत, 1947 चे मुलांना खेळायला. कडी लावलेले किंवा भोक पाडलेले, रुपयांच्या हारातले, वेगळे ठेवा. कडी जोडताना लावलेल्या डागाची वजावट होणारच. नाण्यांना रबर बँड लावला असेल तर आजच काढा, त्यातल्या गंधकाने काळा पट्टा उमटतो. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात हिरवट चिकटा आला असेल तर नाणं शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न पुसता वाळू द्या आणि पाकीट फेकून द्या. हे खिडकी उघडून, गॅसपासून लांब करा.

काकांनी त्या नऊ रुपयांची वेगळी पुरचुंडी बांधली आणि चिठ्ठीवर लिहिलं, "अर्धे". दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. सराफाने पैसे परत केले नाहीत. पण पुढच्या खेपेला काका आत शिरताच त्याने स्वतःहून भिंग काढून काउंटरवर ठेवलं.